शिकवणारी मुले

इ. स. १६२३ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाच्या दरबारी एक वकिलात रवाना केली, आणि त्या वकिलातीच्या सोबतीने पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी होनावरहून घाट चढून वर निघाला. वाटेत मुक्काम पडला असता एका देवळाच्या ओसरीवर त्याला चार मुले अंकगणिताचा अभ्यास करीत बसलेली दिसली. आणि त्या वाटेने नित्य येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ज्या दृश्याकडे, ते रोजचेच म्हणून, मान वळवूनही पाहिले नसेल, त्या दृश्यापाशी हा परदेशी मनुष्य थबकला. गुरूने चौघांना एकच पाठ दिला होता. त्यांपैकी एक मुलगा ठरावीक चालीवर एक वाक्य म्हणे आणि म्हणता म्हणताच समोर पसरलेल्या महीन वाळूत बोटाने तो आकडा काढी. उरलेले तिघे तेच वाक्य त्याच चालीवर म्हणत आणि तोच आकडा आपापल्यापुढील वाळूत उमटवीत. जमीन आकड्यांनी भरून गेली, की ती पुसून, नवी वाळू भुरभुरवून, पाठ पुढे चाले. जवळपास गुरू नाही हे पाहून देल्ला वाल्लेने त्यांना विचारले, की तुम्ही सगळेच शिष्य, मग तुमच्यातला एखादा चुकला किंवा विसरला तर त्याला सुधारतो कोण? त्यावर त्या मुलांनी सांगितले, की चौघेही एकाच जागी चुकतील असे होणे शक्य नाही, आणि एक चुकला तर इतरांनी त्याला सावरावे यासाठीच तर आम्ही एकत्र बसून म्हणतो. हे उत्तर देल्ला वाल्लेला इतके पटले, की त्याने ते आपल्या पत्रात टिपून ठेवले.

विद्यार्थ्याला निव्वळ श्रोता न ठेवता त्याला अध्ययनाच्या क्रियेत कर्ता म्हणून सामील करून घ्यावे, मुलांनी मुलांकडून शिकावे, कान, कंठ, डोळा आणि हात यांना एकाच वेळी काम द्यावे, हा विचार आज शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून सहभागी अध्यापन, गटकार्य, कृतियुक्त शिक्षण अशा नाना नावांनी मांडला जातो, आणि तो पुष्कळदा अशा थाटात मांडला जातो की जणू काही तो काल-परवा समुद्रापलीकडून एखाद्या पेटीत बंद होऊन आला. त्या विचाराची निकड मला मान्य आहे. त्याच्या कुळकथेविषयी मात्र आपण बेफिकीर राहिलो आहोत, ही खंत मनात आहे. कारण या विचाराचा आपल्या मुलखातील इतिहास जुना आहे, त्याला एक परदेशगमन आणि एक विकृत पुनरागमन घडले आहे, आणि त्यातील सर्वांत उज्ज्वल प्रकरण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील एका टेकडीवर, ज्यांच्यासाठी शाळेचे दार शतकानुशतके उघडलेच नव्हते अशा मुलांच्या संगतीत लिहिले गेले आहे.

पेशवाईच्या अखेरीस महाराष्ट्रात जी पंतोजींची शाळा चाले, तिला स्वतःची अशी इमारत क्वचितच असे. कोणा सावकाराच्या वाड्यातील ओसरी, देवळाचा सभामंडप, गावची चावडी किंवा पंतोजींच्याच घराची पडवी हे तिचे स्थान. मुलगा शाळेत बसू लागला म्हणजे त्याच्यापुढे लाकडी फळीची धूळपाटी येई. तिच्यावर विटकरीची बारीक भुकटी किंवा तांबडी माती पसरलेली असे, आणि टोकदार काडीने तिच्यावर ‘श्रीगणेशाय नमः’ या अक्षरांपासून मुळाक्षरांपर्यंतचे कित्ते पुनःपुन्हा गिरवावयाचे असत. धुळीवर उमटलेली चूक तळहाताच्या एका फिरवणीने नाहीशी होई आणि पाटी पुन्हा कोरी होई, ही त्या साधनाची थोरवी मला फार मोठी वाटते. कागदावर चुकलेल्या अक्षराची जी एक दहशत लहान मुलाच्या मनात बसते, तिला या पाटीवर थाराच नव्हता. हात पुरेसा वळला, म्हणजे मग बोरू, दौत आणि कागद. बाळबोध वाचता येऊ लागले, की मोडी लिहिणे. आणि या सगळ्याच्या जोडीला हिशेब. एकापासूनचे पाढे तर होतेच, पण त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची जी मालिका मुले मुखोद्गत करीत, तिच्या जोरावर बाजारात उभ्या उभ्या सव्वासात शेर धान्याची किंमत सांगणारी माणसे अगदी अलीकडेपर्यंत आपल्यात होती. सकाळी शाळा भरल्यावर उजळणी आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर परवचा, या दोन्ही वेळी एक जाणता मुलगा पुढे होऊन म्हणे आणि बाकीची मुले त्याच्या मागून म्हणत.

या पुढे होणाऱ्या मुलाचे महत्त्व इतिहासकारांनी पुरतेपणी ओळखलेले नाही. पंतोजी एकटा असे आणि त्याच्यापुढील मुलांत कालच धूळपाटी हाती घेतलेला पाच-सहा वर्षांचा पोर जसा असे, तसा खतावणी समजू लागलेला चौदा वर्षांचा मुलगाही असे. अशा मंडळीला एकाच आवाजात एकच पाठ देणे संभवनीयच नव्हते. म्हणून जो जितके शिकला असेल तितके त्याने आपल्याहून लहानाला शिकवावे, त्याचा हात धरून अक्षर वळवून द्यावे, त्याचे पाढे म्हणवून घ्यावे, आणि अडले तेथे पंतोजींकडे यावे, अशी वहिवाट आपसूक पडली होती. तिच्यामागे कोणतेही शास्त्र सांगितले जात नव्हते. परंतु जो मुलगा कालपर्यंत सवायकीत अडखळत होता, त्याने आज दुसऱ्याला सवायकी शिकवावयास बसावे, यात त्याची स्वतःची सवायकी जितकी पक्की होई तितकी ती शंभर वेळा एकट्याने घोकून झाली नसती.

या शाळेचे गुणगान करताना तिचे दोष झाकणे मात्र अन्यायाचे होईल. पंतोजींची मिळकत तुटपुंजी. महिन्याकाठी काही पैसे, धान्याचा शिधा आणि सणावारी मिळणारी देणगी यांवर त्याचा प्रपंच चाले, आणि या हलाखीचा त्रागा कित्येकदा मुलांच्या पाठीवर निघे. छडी, अंगठे धरून ओणवे राहणे, उन्हात उभे करणे हे प्रकार सर्रास होते. अर्थ समजावून देण्याची रीत नव्हती. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की या ओसरीवर मुलींना जागा नव्हती आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना तर तिच्या पायरीपर्यंतही येता येत नव्हते. मुलांनी मुलांना शिकवावे ही उदार रीत ज्या घरात नांदत होती, त्या घराचा उंबरठा गावातील बहुसंख्य मुलांसाठी बंद होता, आणि पुढील दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे मी पाहतो तो मुख्यत्वे याच दृष्टीने.

इंग्रजांचा अंमल बसल्यानंतर मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट या सभासदाने १८२१ मध्ये असे नमूद केले, की लहान-मोठे असे गाव क्वचितच सापडेल की जेथे निदान एक तरी शाळा नाही. पुढे गव्हर्नर एलफिन्स्टनच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या चौकशीतून १८२९ पर्यंत जे आकडे सरकारदप्तरी जमा झाले, त्यांत इलाख्यातील सुमारे १७०० शाळा आणि ३५ हजारांवर विद्यार्थी एवढी नोंद आढळते. प्रेंडरगास्टचे विधान आणि हे आकडे यांचा मेळ बसत नाही. पण घरच्या घरी किंवा चार मुलांना जमवून चालणारे शिक्षण कलेक्टरच्या तक्त्यात कसे पकडले जाणार, हा प्रश्न तेव्हाही अवघड होता.

याच्या कितीतरी आधी मद्रासेस एक विलक्षण गोष्ट घडून गेली होती. तेथे १७८९ मध्ये एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाची देखरेख अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. सैनिकांची ही पोरकी मुले आणि त्यांना शिकविणारे कंटाळलेले पगारी शिक्षक यांच्यामुळे तो त्रस्त झालेला असतानाच, एके दिवशी एका मलबारी शाळेवरून जाताना त्याने मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले. आपल्याही शाळेत सर्वांत खालच्या वर्गाला अशाच रीतीने मुळाक्षरे शिकवावीत, असे त्याने शिक्षकाला सांगितले. शिक्षकाने ते जमणार नाही असे उत्तर दिले. तेव्हा बेलने ते काम जॉन फ्रिस्केन नावाच्या, एका सैनिकाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे सोपविले. जे शिक्षकाला जमणार नव्हते ते या आठ वर्षांच्या मुलाने करून दाखविले, आणि मग बेलने हळूहळू सारी शाळाच मुलांच्या हाती दिली. १७९६ मध्ये तो मायदेशी परतला, आणि पुढच्याच वर्षी त्याने लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

त्या वृत्तान्तापासून इंग्लंडात जे घडले ते सांगताना मन विषण्ण होते. यंत्रयुगाची ती पहाट होती; गिरण्यांच्या गावांतून गरिबांची हजारो मुले रस्त्यावर होती आणि त्यांच्या शिक्षणावर खर्च करण्याची कोणाची तयारी नव्हती. एकच शिक्षक आणि त्याच्या हाताखाली मुलेच शिक्षक, ही कल्पना या परिस्थितीत स्वस्ताईची कल्पना म्हणून उचलली गेली. जोसेफ लँकेस्टर या तरुणाने १७९८ पासून लंडनच्या बरो रोड भागात चालविलेल्या शाळेत एक शिक्षक शेकडो मुले सांभाळू लागला. रांगा, घंटा, हुकूम, हुद्दे आणि बिल्ले यांनी ती शाळा एखाद्या पलटणीसारखी दिसू लागली. लहान मुलांसाठी वाळूने भरलेले मेज तेथेही होते, परंतु त्या वाळूतले अक्षर आता हुकुमाबरोबर उमटे आणि हुकुमाबरोबर पुसले जाई. छडीला लँकेस्टरचा विरोध होता; पण त्याऐवजी अपराधी मुलाला टोपलीत घालून छताला टांगण्यापर्यंत त्याची मजल गेली. बेलच्या बाजूने इंग्लंडचे प्रस्थापित चर्च आणि लँकेस्टरच्या बाजूने इतर पंथ उभे राहून, ही पद्धत मूळ कोणाची याबद्दल कडाक्याचा वाद माजला, आणि त्या वादात ओसरीवर बसलेल्या मलबारी मुलांची आठवण कोणालाच राहिली नाही. १८३२ मध्ये बेल मृत्यू पावला आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याचे दफन झाले.

मग हीच पद्धत, तिच्यावर विलायती मोहोर उमटवून, मुंबईस परत आली. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे एज्युकेशन सोसायटी’ने बेलच्या पद्धतीचा पुरस्कार केला, आणि एतद्देशीयांच्या शाळा व शालेय पुस्तके यांसाठी १८२२ मध्ये जी निराळी मंडळी एलफिन्स्टनच्या आश्रयाने उभी राहिली, तिने देशी शाळांच्या सुधारणेसाठी लँकेस्टरच्या रीतीची शिफारस केली. या मंडळीचे काम लहान नव्हते. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने गणिताची पुस्तके मराठीत आणली, सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांनी ‘बाळमित्र’ भाषांतरित केले, आणि मराठी गद्याला जे वळण लागले त्याचा पुष्कळसा उगम या कचेरीत आहे. परंतु ज्या पंतोजीच्या ओसरीवरून ती रीत निघाली होती, त्याच पंतोजीला आता ती शिकून घेण्यास सांगावे, आणि तीही कवाइतीच्या रूपात, यातील विसंगती त्या काळी कोणाच्या ध्यानी आल्याचे दिसत नाही.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी विद्याखाते स्थापन झाले आणि शाळा ही एका मोठ्या कारभाराची शाखा बनली. क्रमिक पुस्तके आली, इयत्ता ठरल्या, हजेरीपट आला, आणि वर्षातून एकदा घोड्यावरून वा छकड्यातून येणारा दिपोटी, म्हणजे सरकारी तपासनीस, आला. १८६५ च्या सुमारास खाजगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर अवलंबून ठेवण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हापासून तर उत्तीर्ण झालेला प्रत्येक मुलगा म्हणजे अमुक इतके रुपये, असे त्याचे मोल ठरले. अशा व्यवस्थेत मुलाने मुलाला शिकविणे हा वेळेचा अपव्यय, आणि प्रश्न विचारणे ही उद्धटपणाची निशाणी ठरावी यात नवल नाही. हाताची घडी, तोंडावर बोट, ही आज्ञा ज्यांनी बालपणी ऐकली नाही असे मराठी शाळेत शिकलेले गृहस्थ विरळा. ती आज्ञा या कारभाराची आठवण आहे.

या काळात उंबरठ्याचा प्रश्न ज्यांनी धसास लावला त्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले अग्रभागी होते. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यास भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली हे सर्वश्रुत आहे. पण १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन सादर केले, त्यातील एक मागणी मला या विषयाच्या संदर्भात अधिक मोलाची वाटते. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून यावेत, प्रसंग पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये, आणि त्यांनी खालच्या थरातील लोकांत सहजपणे मिसळावे, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यार्थ्याला वर्गात सामील करून घ्यावयाचे तर आधी शिक्षकाने विद्यार्थ्याच्या जगात सामील व्हावे लागते, हे त्यात अध्याहृत आहे. सरकारने त्या मागणीचे फारसे काही केले नाही. तिची खरीखुरी पूर्तता पाहण्यासाठी साठ वर्षे थांबावे लागले.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा, मुंबईच्या प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबातला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या, विवाहानंतर काही काळ अमरावतीस राहिल्या, राजकोटच्या अध्यापिका-विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. आणि मग ते मानाचे पद सोडून भावनगरास ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत गिजुभाई बधेकांच्या हाताखाली बालशिक्षणाचे काम करू लागल्या. गिजुभाई हे मूळचे वकील. मारिया माँटेसरीबाईंची पुस्तके वाचून त्यांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्या बालमंदिरात मार नव्हता, बक्षीस नव्हते, गोष्टी, गाणी, नाटके आणि हाताने करावयाची कामे होती. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालविले. परंतु भावनगर काय नि दादर काय, तेथे येणारी मुले धुतलेल्या कपड्यांची, पोटभर जेवलेली, शिकलेल्या आईबापांची होती. माँटेसरीबाईंनी रोममधील आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये गरीब वस्तीत काढले होते, याची जाणीव ताराबाईंना टोचत असली पाहिजे. कारण पन्नाशी उलटल्यावर, ज्या वयात माणसे केलेल्या कामाची फळे चाखीत बसतात, त्या वयात १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुण्याच्या हुजूरपागेतील नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या होत्या आणि स्वतःच्या हिमतीवर शिक्षिका झाल्या होत्या. त्याच वर्षी त्याच परिसरातील वारली शेतमजुरांनी, गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, जमीनदारांच्या वेठीविरुद्ध मान ताठ केली होती, हेही येथे विसरून चालणार नाही. कारण ज्या पाड्यांवर या दोघी पुढे हिंडल्या, त्यांतील मोठ्या माणसांची भूक आणि भीती ही मुलांच्या शिक्षणाच्या आड उभी असलेली पहिली भिंत होती.

बालवाडीची इमारत तयार होती, पण मुले येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. सहा-सात वर्षांची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन घर राखी. मुलगा गुरांमागे जाई. शहरातील कोणाही शिक्षणाधिकाऱ्याने या स्थितीवर पालकांची अनास्था असा शेरा मारून फाइल बंद केली असती. ताराबाईंनी शाळाच उचलून पाड्यावर नेली. सकाळी सेविका एखाद्या झोपडीच्या अंगणात जाई, ते झाडून काढी, जमतील त्या मुलांची तोंडे धुई, नखे कापी, केस विंचरी, आणि मग तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. या अंगणात माँटेसरीबाईंची महागडी लाकडी साधने आणणे शक्य नव्हते आणि आवश्यकही नव्हते. चिंचोके, शंख-शिंपले, नाना आकारांची पाने, काड्या, गोटे, रानातल्या बिया हे सारे पाड्याभोवती विपुल होते. लहान-मोठ्या शिंपल्यांची प्रतवारी लावताना आकार कळे, चिंचोक्यांचे पाच-पाचाचे ढीग घालताना संख्या कळे, पाने ओळखताना निसर्ग कळे. आणि पाने ओळखण्याच्या कामात वारल्याचे पोर सेविकेहून सरस असे, त्यामुळे शिकविणाऱ्याची जागा पुष्कळदा तेच घेई. देल्ला वाल्लेने पाहिलेल्या चार मुलांचा बाणा येथे पुन्हा दिसतो. फरक एवढाच, की ही मुले कोणत्याही ओसरीवर कधी बसू शकली नसती.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि तेथे या कामाला पूर्ण रूप आले. धाकट्या भावंडामुळे मोठी मुलगी येत नाही, तर भावंडासाठी पाळणाघर. त्यापुढच्या वयाला बालवाडी. आणि त्याच आवारात प्राथमिक शाळा. अशी तिन्ही एकत्र गुंफून विकासवाडीची रचना झाली. आणि तरीही जी मुले गुरांमुळे येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असतील तेथे शिक्षकाने जावे, झाडाखाली मुले जमवावीत, एका डोळ्याने गुरांकडे लक्ष ठेवीत ती शिकत, आणि एखादे जनावर कोणाच्या शेतात शिरू लागले की पाठ मध्येच टाकून त्यामागे धावत. विद्याखात्याच्या कोणत्याही नियमात ही शाळा बसणारी नव्हती. माझ्या मते मराठी मुलखातील शिक्षणाच्या साऱ्या इतिहासात इतकी धाडसी आणि इतकी समंजस कल्पना दुसरी झालेली नाही.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरच्या वर्षापर्यंत, कोसबाडचे काम चालविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली, आणि कोसबाडच्या पाड्यांवर रुळलेले अंगणवाडी हे नाव त्या योजनेने साऱ्या देशभर नेले. त्या योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, रुग्णालयाकडे पाठवणी, आईला आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. पहिल्या पाचांची गरज कोणीही नाकारणार नाही. उपाशी पोराला चिंचोके मोजावयास सांगणे हे ताराबाईंनाही मान्य झाले नसते. परंतु जी सहावी सेवा मुळात या अंगणाचे प्राण होती, तिच्यासाठी आज सेविकेपाशी किती वेळ उरतो, हे तिच्या मेजावरील नोंदवह्यांची चळत पाहिली म्हणजे सांगावे लागत नाही. वजनाची, आहाराची, हजेरीची, भेटींची अशा तिच्या वह्या दप्तरी तपासल्या जातात. मुलांनी आज एकमेकांना काय शिकविले, हे विचारणारा रकाना त्यांत असावा आणि तपासनिसाने त्यासाठी वहीऐवजी अंगणात तासभर बसावे, अशी मागणी आता सेविकांनी आणि पाड्यावरच्या आयांनीच केली पाहिजे.